मी विकलेला शेअर घेतो कोण? आणि डॉलरचा भाव ठरवतो कोण?

फोर्टकर (धागालेखक)

सेन्सेक्स गडगडला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो: "सगळ्यांनीच विकले म्हणतात, मग घेतले कोणी?" प्रश्न भाबडा वाटला तरी बाजार कसा चालतो याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. मी फोर्टमध्ये एका ब्रोकरकडे सेटलमेंट बघतो, म्हणजे सौदा झाल्यानंतरची हमाली. टिप्स माझ्याकडे नसतात, त्यासाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नका.

पहिली गोष्ट म्हणजे एक्सचेंज भाव ठरवत नाही. बीएसई असो की एनएसई, ती स्वतः ना शेअर घेते ना विकते. प्रत्येक शेअरसाठी संगणकात दोन रांगा असतात. एकीकडे घेणारे, त्यात सर्वांत जास्त भाव देणारा पुढे. दुसरीकडे विकणारे, त्यात सर्वांत स्वस्त विकणारा पुढे. भाव सारखाच असेल तर ज्याची ऑर्डर आधी आली त्याचा नंबर आधी. ऑर्डर म्युच्युअल फंडाची आहे की अंबरनाथच्या शिक्षकाची, हे मशीन विचारत नाही.

आता एक शेअर जवळून बघू. समजा विकणाऱ्यांच्या रांगेत ४१२.२०ला १०० शेअर आहेत, ४१२.३५ला २५० आणि ४१३ला ४००. घेणारे ४१२ रुपयांवर अडून बसलेत. तुम्ही घाईत मोबाइलवरून ५०० शेअरची मार्केट ऑर्डर टाकलीत, म्हणजे भाव न सांगता, मिळेल त्या भावाला द्या. पहिले १०० मिळाले ४१२.२०ला, पुढचे २५० मिळाले ४१२.३५ला आणि उरलेले १५० थेट ४१३ला. सरासरी पडली ४१२ रुपये ५१ पैसे आणि स्क्रीनवर शेवटचा भाव झळकला ४१३. बातमीच्या भाषेत शेअर वधारला. प्रत्यक्षात तुम्ही रांग पुसून काढलीत, एवढंच. ज्या शेअरमध्ये रांगच विरळ असते तिथे मार्केट ऑर्डर टाकणाऱ्याला मी कोपरापासून हात जोडतो. लिमिट टाका, म्हणजे याच्या वर घेणार नाही असा भाव सांगा, आणि गप्प बसा.

म्हणून "सगळ्यांनी विकले" हे कधीच खरं नसतं. विकलेल्या प्रत्येक शेअरला घेणारा होताच, फक्त तो खालच्या भावाला तयार झाला. आणि "गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी बुडाले" हा आकडा म्हणजे शेवटचा भाव गुणिले कंपनीचे सगळे शेअर. सौदा मूठभर शेअरचा झाला तरी नवा भाव सगळ्यांना चिकटतो. ते पैसे कुणाच्या खिशातून निघून कुणाच्या खिशात गेले, असं त्यात काही नसतं.

सौदा जुळला की माझ्यासारख्यांचं काम सुरू. तुम्हाला शेअर विकणारा कोण, हे तुम्हाला कधीच कळत नाही, कारण दोघांच्या मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभी राहते. कागदावर तुमच्यासाठी ती विक्रेता असते आणि विकणाऱ्यासाठी ग्राहक. एक पार्टी पळाली तरी दुसरीचे पैसे अडत नाहीत. त्यासाठी ती ब्रोकरांकडून आगाऊ मार्जिन, म्हणजे अनामत, घेऊन ठेवते. विकणाऱ्याने शेअर दिलेच नाहीत तर लिलाव करून बाजारातून ते उचलते आणि भुर्दंड त्याच्या माथी मारते. २७ जानेवारी २०२३पासून आपल्याकडे सगळे शेअर टी अधिक एकवर आले, म्हणजे सोमवारी सौदा केला की मंगळवारी शेअर डिमॅटमध्ये आणि पैसे खात्यात. अमेरिका तिथे २०२४च्या मे महिन्यात पोचली.

डॉलरच्या बाजाराबद्दल मला वरवरच माहीत आहे. इथे बँकेच्या ट्रेझरीतलं, म्हणजे चलनाचे सौदे करणाऱ्या विभागातलं, कोणी असेल तर पुढे या.


मीनल_ठाणे

वाचनखूण साठवली. मला हे भाजी मंडईसारखं वाटलं, बरोबर ना?


फोर्टकर

नाही हो ताई. मंडईत गाळेवाला माल स्वतः घेतो आणि मग विकतो, माल सडला तर त्याचा. एक्सचेंजकडे माल नसतो.


शंकेखोर

लेख छान, पण "मशीन चेहरा बघत नाही" या धर्तीचं जे लिहिलंय ते गोड आहे. ज्यांचे सर्व्हर एक्सचेंजच्याच इमारतीत भाड्याने ठेवलेत त्यांची ऑर्डर माझ्या मोबाइलच्या कितीतरी आधी पोचते. नंबर आधी आलेल्याचा, हे मान्य. पण आधी येतो कोण? या सोयीवरून, म्हणजे को-लोकेशनवरून, एनएसईच्या मागे सेबीची, म्हणजे बाजाराच्या नियामकाची, चौकशी लागली होती, ती उगाच नाही.


फोर्टकर

मुद्दा बिनतोड. नियम सगळ्यांना एकच, अंतर मात्र एक नाही. दीर्घ मुदतीसाठी शेअर घेणाऱ्याला त्या मिलिसेकंदांनी पाच-दहा पैशांचा फरक पडेल. दिवसभर आत-बाहेर करणाऱ्याचा मात्र तोच जीव असतो, आणि तो मशीनशी शर्यत लावतोय हे त्याला कोणी सांगत नाही.

सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये काढलेला अहवाल बघा. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (पुढच्या तारखेच्या भावावरचे करार) उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. कमावले कोणी तेही त्यात आहे. २०२३-२४मध्ये ब्रोकरांच्या स्वतःच्या खात्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी, तेही जवळजवळ सगळं अल्गोरिदमने. शेअरच्या डिलिव्हरीत "घेणारा कोण" याला फारसा अर्थ नसतो. ऑप्शन्समध्ये मात्र असतो, कारण तिथे एकाचा नफा तोच दुसऱ्याचा तोटा.


रिंगवाले आजोबा

तुम्हा पोरांना सगळं मशीनवर दिसतं. आम्ही रिंगणात उभे राहून काम केलंय. दलाल स्ट्रीटवर जीजीभॉय टॉवरमध्ये दुपारी जी आरडाओरड चालायची ती खाली गल्लीत वडापाव खाताना ऐकू यायची.

रिंगणात प्रत्येक मोठ्या शेअरची जागा ठरलेली. तिथे तारवणीवाला उभा असायचा, हल्ली ज्याला जॉबर म्हणतात. भाव विचारला की तो दोन आकडे सांगणार, घेण्याचा आणि विकण्याचा. घ्यायचंय की विकायचंय हे आपण आधी बोलायचं नाही, नाहीतर आकडा सरकलाच समजा. सौदा तोंडी व्हायचा. दोघे आपापल्या वहीत टिपणार आणि संध्याकाळी पेढीवर ताळा करणार. माझ्या वहीत ५००, त्याच्या वहीत ४००, किंवा त्याच्याकडे नोंदच नाही, की झाला वांधा. दुसऱ्या दिवशी दोघांनी समोरासमोर बसून मिटवायचं. भाव भलतीकडे गेला असला तरी शब्दाला जागणारे होते, आणि "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणणारेही होते. जुन्या काळी सगळे सचोटीचे होते हे मी तरी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

१९९४च्या नोव्हेंबरात एनएसईने पडद्यावर शेअरचे सौदे सुरू केले. आमच्यातले पुष्कळ हसले होते. १९९५मध्ये बोल्ट, म्हणजे बीएसईचा स्वतःचा पडदा, आलं आणि रिंगण गप्प झालं. तारवणीवाल्याचा सगळा धंदा दोन आकड्यांमधल्या फरकावर, आणि पडद्यावर तो फरक सगळ्यांनाच दिसायला लागला. मग त्याला कोण विचारतो?

आणि बदला! पैसे नसताना शेअर घ्यायचे आणि वलणाच्या, म्हणजे हिशेब चुकता करायच्या, दिवशी पैसे न देता सौदा पुढच्या वलणावर ढकलायचा. त्यासाठी पैसे लावणाऱ्या बदलीवाल्याला व्याज द्यायचं. कधी शेअरचीच टंचाई झाली की उलट व्हायचं, शेअर उसना देणाऱ्यालाच पैसे मिळायचे, त्याला उंधा बदला म्हणत. बीएसईचा आठवडा सोमवार ते शुक्रवार, एनएसईचा बुधवार ते मंगळवार. हुशार माणूस वलण आलं की एकीकडचा सौदा दुसरीकडे सरकवायचा आणि पैसे न देता खेळत राहायचा. २००१चा घोटाळा झाला, जुलैमध्ये बदला बंद झाला, रोजचं सेटलमेंट आलं. आधी पाच दिवसांचं, मग तीन, मग दोन, आणि आता फोर्टकर म्हणतात तसं एक.

तुमचं बॅक ऑफिस म्हणजे सुख आहे. आमच्याकडे ट्रान्सफर डीडचे, म्हणजे शेअर दुसऱ्याच्या नावावर करायच्या कागदांचे, गठ्ठे असायचे. सही जुळली नाही की बॅड डिलिव्हरी म्हणून सगळं परत. डिमॅट आलं १९९६ला, शेअर संगणकात सांभाळणाऱ्या एनएसडीएल या संस्थेबरोबर. त्याआधी कोणी टी अधिक एक म्हटलं असतं तर त्याला ठाण्याच्या इस्पितळाचा रस्ता दाखवला असता.


मीनल_ठाणे

आजोबा, दंडवत! वेगळा धागाच काढा ना रिंगणावर.

अवांतर: ठाण्याच्या इस्पितळाला नावं ठेवू नका, आमच्या घराच्या मागेच आहे.


शंकेखोर

आजोबा, वडाच्या झाडाखाली सुरू झालेला बाजार तो हाच ना?


रिंगवाले आजोबा

हाच. टाउन हॉलसमोर, आता हॉर्निमन सर्कल आहे त्या भागात, १८५०च्या दशकात दलाल झाडाखाली जमायचे. अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस बंद झाला, इंग्लंडच्या गिरण्यांनी मुंबईचा कापूस उचलला आणि शहरात पैशाचा पूर आला. बॅकबेचा समुद्र भरून काढायच्या कंपनीचे शेअर लोकांनी डोळे मिटून घेतले. १८६५मध्ये यादवी संपली आणि सगळा फुगा फुटला. सगळ्यात मोठा खेळाडू प्रेमचंद रायचंद, तोही बसला. राजाबाई टॉवर त्याच्याच देणगीतला, आईच्या नावाचा. त्या राखेतून १८७५ला दलालांनी रीतसर संघटना बांधली, तीच आजची बीएसई.


चाळीस-एक्केचाळीस

फोर्टकर, बोलावलंत म्हणून आलो. बँकेच्या डीलिंग रूममध्ये केस पिकले.

डॉलर-रुपयाच्या मुख्य बाजाराला इमारत नाही की सकाळची घंटा नाही. तो बँकांचा आपापसातला व्यवहार आहे. पूर्वी फोनवर चालायचा, आता बराचसा स्क्रीनवर. माझं टोपणनाव तिथूनच आलंय. समजा डॉलर ८५ रुपये ४० पैशांच्या आसपास आहे. दुसऱ्या बँकेने भाव विचारला तर ८५ कोणी उच्चारत नाही, तो दोघांनाही ठाऊक असतो. आपण म्हणायचं "चाळीस-एक्केचाळीस". म्हणजे ८५.४०ला मी घेतो, ८५.४१ला देतो. समोरचा "माइन" म्हणाला की त्याने ४१ला उचलले, "युअर्स" म्हणाला की ४०ला माझ्या गळ्यात मारले. आजोबांच्या तारवणीवाल्याचं पडद्यावर मरण झालं म्हणतात, पण आमच्याकडे तो सूट घालून अजून बसलाय.

आता माझ्या गळ्यात दहा लाख डॉलर पडले. ते लगेच खपवायचे की दुपारपर्यंत धरायचे, हा माझा निर्णय. पण किती धरायचे, रात्रभर किती उघडे ठेवायचे, कितीच्या तोट्यावर हात वर करायचे, हे सगळं बँकेने लिहून दिलेलं असतं. ती मर्यादा मोडणारा डीलर नफ्यात असला तरी त्याला केबिनमध्ये बोलावतात.

भाव हलतो कशाने? तेल कंपन्यांची महिनाअखेरची खरेदी, आयटी कंपन्यांचे येणारे डॉलर, आणि परदेशी गुंतवणूकदार. फोर्टकरांचा बाजार आणि माझा बाजार इथे जोडले जातात. परदेशी फंडाने सोमवारी शेअर विकले, मंगळवारी त्याला रुपये मिळाले. ते रुपये त्याला नको असतात. त्याची कस्टोडियन बँक, म्हणजे त्याचे शेअर आणि पैसे सांभाळणारी, मग आमच्याकडून डॉलर उचलते आणि रुपया उतरतो. म्हणून शेअर बाजार जोरात पडला की आम्ही सेन्सेक्सकडे नाही, परदेशी विक्रीच्या आकड्याकडे बघतो.

रिझर्व्ह बँक भाव ठरवते असा समज अजून आहे. एकेकाळी ठरवायचीच. जुलै १९९१मध्ये दोन हप्त्यांत अवमूल्यन झालं, १९९२मध्ये अर्धवट मोकळीक आली आणि मार्च १९९३पासून भाव बाजारावर सोडला. आता ती मालक नाही, पण गल्लीतला सगळ्यात दांडगा गडी आहे. सकाळी एकदम दोन-तीन सरकारी बँका मोठ्या प्रमाणात डॉलर विकायला लागल्या की आम्ही एकमेकांकडे बघतो. कोणी काही बोलत नाही. तेव्हा डॉलर धरून बसणं म्हणजे लोकलच्या दारात उलटं लटकणं.


आगरबाजार

प्रश्न: शेअरला क्लिअरिंग कॉर्पोरेशन मध्ये उभी राहते. डॉलरला कोण? तुम्ही रुपये दिले आणि न्यूयॉर्कला डॉलर आलेच नाहीत तर?


चाळीस-एक्केचाळीस

नेमका प्रश्न विचारलात. हे एकदा झालंय. २६ जून १९७४, जर्मनीतल्या कोलोन शहरातली हेरस्टाट बँक. दिवसभरात दुसऱ्या बँकांनी तिला मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) देऊन टाकले होते. संध्याकाळी जर्मन सरकारी यंत्रणेने तिला टाळं ठोकलं, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळ होती आणि डॉलर द्यायचे बाकी होते. ते मिळालेच नाहीत. एक बाजू आधी देणं आणि दुसरी नंतर मिळणं यातल्या धोक्याला आजही हेरस्टाट रिस्क म्हणतात. मोठ्या चलनांसाठी २००२मध्ये सीएलएस नावाची व्यवस्था सुरू झाली, दोन्ही बाजू एकदमच चुकत्या करते.

डॉलर-रुपयासाठी आपल्याकडे क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया आहे, सीसीआयएल. दिवसभरात एकाच बँकेने शेकडो वेळा घेतलं-विकलं, त्या सगळ्यांची वजाबाकी होऊन शेवटी एकच देणं किंवा येणं उरतं. ती ज्या रोडवर आहे तो तुमच्या ओळखीचा असावा.


आगरबाजार

एस. के. बोले रोडवरचं सीसीआयएल भवन? अहो, सिद्धिविनायकाला जाताना कायम समोरून जातो. मला वाटायचं विमा कंपनी आहे!


शंकेखोर

एक साधा प्रश्न. एका वर्षाने द्यायचा डॉलर आजच्यापेक्षा महाग सांगतात. म्हणजे बँकांना वाटतं की रुपया पडणार?


चाळीस-एक्केचाळीस

नाही. तो अंदाज नाही, निव्वळ व्याजाचा हिशेब आहे. समजा रुपयावर साडेसहा टक्के व्याज मिळतं, डॉलरवर साडेचार, आणि आज डॉलर ८५ला आहे. वर्षाने ८५ रुपयांचे होतात ९०.५२ आणि एका डॉलरचे १.०४५. भागाकार करा, ८६.६३ येतो. पुढचा भाव याच्यापेक्षा वेगळा असता तर कोणीही डॉलर उसने घेऊन रुपयात ठेवून, किंवा त्याच्या उलट करून, फुकट कमावलं असतं. वर्षाने खरोखर भाव काय असेल, हे मला ठाऊक असतं तर मी इथे टंकत बसलो असतो का?


आगरबाजार

माझी मुलगी शिकायला जर्मनीला चाललीय. बँकेच्या शाखेत युरोचा भाव विचारला तर टीव्हीवरच्या भावापेक्षा दीड-दोन रुपये जास्त. हे कायदेशीर आहे?


चाळीस-एक्केचाळीस

कायदेशीर आहे. टीव्हीवर दिसतो तो बँकांचा आपापसातला भाव, तुम्हाला मिळतो तो शाखेचा कार्ड रेट. मधली मलई बँकेची. एअरपोर्टच्या काउंटरवर तर विचारूच नका. पण घासाघीस होते हे लोकांना माहीतच नसतं. रक्कम मोठी असेल तर मॅनेजरला सांगा, "ट्रेझरीतून भाव मागवा". दुसऱ्या बँकेचा भाव लेखी घेऊन जा. डॉलर पाठवायचे असते तर सीसीआयएलने २०१९मध्ये सुरू केलेला एफएक्स-रिटेल हा मंचही आहे, तुमच्या बँकेमार्फत नोंदणी करून तिथल्या भावाला डॉलर घेता येतात. बँक त्यावर आपलं शुल्क लावते, पण ते आधी सांगून. शाखेतल्या मुलाला त्याचं नाव माहीत नसण्याची शक्यता दाट आहे, चिकाटी ठेवा.

युरोचं म्हणाल तर बँक तो बहुतेक दोन पायऱ्यांनी काढते, आधी रुपयाचा डॉलर, मग डॉलरचा युरो. जगातल्या चलनव्यवहारात एका बाजूला डॉलर असतोच म्हणा ना. बीआयएस या मध्यवर्ती बँकांच्या आंतरराष्ट्रीय बँकेच्या एप्रिल २०२२च्या पाहणीत रोजची उलाढाल साडेसात लाख कोटी डॉलर होती आणि त्यातल्या ८८ टक्के व्यवहारांत डॉलर होता.


मीनल_ठाणे

मी कधीची हाच प्रश्न विचारायला थांबलेय. माझा भाचा टेलिग्रामवरच्या कुठल्याशा ग्रुपमधून एका ॲपवर फॉरेक्स करतो. युरो-डॉलर, सोनं, काय काय. दहा हजार टाकले की दहा लाखांचा सौदा करता येतो म्हणतो. पैसे यूपीआयने भरतो. हे एक्सचेंज आहे का?


फोर्टकर

ताई, पहिल्या वाक्यातच धोक्याची घंटा आहे. भारतात राहणाऱ्याला चलनाचे फ्युचर्स फक्त मान्यताप्राप्त एक्सचेंजवर करता येतात. एनएसईवर हे २९ ऑगस्ट २००८ला सुरू झालं. एक लॉट एक हजार डॉलरचा, भाव पाव पैशाने हलतो. पुढे युरो, पौंड आणि येन आले, नंतर युरो-डॉलरसारख्या जोड्याही आल्या. त्यामुळे "युरो-डॉलर भारतात मिळत नाही म्हणून परदेशी ॲप" हा युक्तिवाद फोल आहे. शिवाय रुपयाच्या जोड्यांमध्ये आता निव्वळ सट्टा चालत नाही. ३ मे २०२४पासून रिझर्व्ह बँकेने ठणकावलंय की परकीय चलनाची खरी देणी-येणी असतील तरच सौदा करा. १० कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण व्यवहार खरा असलाच पाहिजे. त्यानंतर एक्सचेंजवरची चलनाची उलाढाल धाडकन आपटली.

परदेशी ॲपवर असे सौदे करणं फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, बेकायदा आहे. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अनधिकृत मंचांची सावधान यादी आहे, पण यादीत नाव नाही म्हणजे ॲप मान्यताप्राप्त, असं समजू नका.


चाळीस-एक्केचाळीस

आणि तिथे समोर बाजार असतोच असं नाही. बऱ्याच ठिकाणी भाच्याचा सौदा पुढे कुठेच जात नाही, ॲपवालाच समोरची पार्टी. भाचा हरला तरच तो कमावणार. स्क्रीनवरचा आलेखही त्याचाच. शेअरमधल्या डब्बा ट्रेडिंगचं, म्हणजे एक्सचेंजबाहेरच्या बेकायदा सट्ट्याचं, हे मोबाइलवरचं भावंड.

त्याला एक विचारा: पैसे कधी काढून बघितलेस का?


मीनल_ठाणे

विचारलं. मागच्या आठवड्यात काढायला गेला तर "नफ्यावरचा टॅक्स आधी भरा, मग पैसे सोडू" असा मेसेज आलाय. आणि दर वेळी यूपीआय आयडी वेगळा, कुठल्यातरी व्यक्तीच्या नावाचा. आता टॅक्सचे पैसे मावशीकडे मागतोय, म्हणजे माझ्याकडे.


रिंगवाले आजोबा

एक दमडी देऊ नकोस पोरी.


फोर्टकर

ताई, टॅक्स आयकर खात्याला भरतात, ॲपला नाही. धागा बाजूला ठेवा आणि आत्ता १९३०ला फोन लावा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. सगळ्या व्यवहारांचे यूटीआर नंबर (बँकेने प्रत्येक व्यवहाराला दिलेला क्रमांक), स्क्रीनशॉट आणि ते यूपीआय आयडी हाताशी ठेवा. टेलिग्रामचा ग्रुप डिलीट करू देऊ नका, तोच पुरावा. शेवटचा व्यवहार अलीकडचा असेल तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते, जितका उशीर तितकी कमी. भाच्याच्या बँकेलाही लेखी कळवा. आणि सध्या त्या ॲपवाल्याशी वाद घालू नका म्हणावं.


मीनल_ठाणे

फोन लावलाय, होल्डवर आहे. भाचा शेजारी बसून यूटीआर नंबर लिहून काढतोय. यूपीआयचा इतिहास मागचा किती दिसतो? त्याला फेब्रुवारीपासूनचे हवेत.


फोर्टकर

ॲपवर अवलंबून राहू नका. बँकेचं स्टेटमेंट डाउनलोड करा, त्यात प्रत्येक व्यवहारापुढे नंबर असतो.